गोल गावातील घरे

मुलांनो, एका कागदावर लहानसे वर्तुळ काढा. त्या वर्तुळाभोवती दहा-बारा चौकोन काढा. प्रत्येक चौकोनाचे तोंड वर्तुळाच्या मध्याकडे असू द्या. आता वर्तुळात शिरण्यासाठी एका बाजूने एकच रस्ता ठेवा. झाले! जर्मनी देशातील साटेमीन या खेड्याचा नकाशा तयार झाला.

साटेमीन हे अगदी छोटे गाव आहे. जर्मनीच्या उत्तर भागात हँबुर्ग नावाचे मोठे बंदर आहे. तेथून एल्ब नदीच्या कडेने आग्नेय दिशेला गेले, की वेंडलांड नावाचा प्रदेश लागतो. हा प्रदेश सपाट आहे. शेते, कुरणे, पाइन वृक्षांची जंगले आणि मध्येमध्ये विखुरलेली खेडी, एवढेच तेथे दिसते. मोठे शहर एकही नाही. ल्यूखो आणि डानेनबेर्ग ही त्यातल्या त्यात मोठी गावे. साटेमीन हे ल्यूखोच्या जवळच आहे.

अशी गोल खेडी या भागात पुष्कळ आहेत. जर्मन भाषेत त्यांना 'रुंडलिंग' म्हणतात. 'रुंड' म्हणजे गोल. गावाच्या मध्यभागी मोकळे मैदान असते. त्यावर गवत आणि काही जुनी झाडे असतात. मैदानाभोवती घरे दाटीने उभी असतात. प्रत्येक घराच्या मागे त्या घराची जमीन असते. ही जमीन पुढे अरुंद आणि मागे रुंद होत जाते. त्यामुळे वरून पाहिले, तर सारे गाव उघडलेल्या पंख्यासारखे दिसते. जुन्या काळी गावातून पलीकडे जाणारा रस्ता नसे. गावात शिरलेला माणूस आल्या वाटेनेच परत जाई. कोण आले, कोण गेले, हे सर्व घरांतून दिसे.

गावात शिरणाऱ्या रस्त्याच्या बरोबर समोर बहुधा गावाच्या प्रमुखाचे घर असे. त्याच्या वाट्याला जमीनही थोडी जास्त येई. या प्रमुखाला 'शुल्त्से' म्हणत. पुढे हेच अनेक कुटुंबांचे आडनाव झाले. आपल्याकडे 'पाटील' हे पद होते आणि आडनावही झाले, तसाच हा प्रकार आहे. हे नाव लक्षात ठेवा. एका शुल्त्सेची गोष्ट पुढे यायची आहे.

ही गावे गोल का वसवली? शत्रूपासून बचाव व्हावा म्हणून, असे पूर्वी सांगत असत. मध्यभागी गुरे कोंडायची आणि रस्ता बंद करायचा, अशी ती कल्पना. ती ऐकायला छान वाटते. पण आजचे अभ्यासक ती फारशी मानत नाहीत. घरांच्या मागून, शेतांतून कोणीही सहज गावात शिरू शकेल. मग ही कसली तटबंदी? बाराव्या शतकाच्या सुमारास येथील जर्मन सरदारांनी जमिनी वाटून गावे वसवली. त्या वाटणीच्या वेळी सर्वांना मैदानाला लागून जागा मिळावी, म्हणून ही रचना पसंत केली असावी, असे अनेकांचे मत आहे. या प्रश्नावर विद्वानांचे वाद अजून चालू आहेत.

या गावांत राहणारे लोक मात्र जर्मन नव्हते. ते स्लाव वंशाचे होते. आज पोलंड, रशिया, चेक प्रजासत्ताक या देशांत स्लाव भाषा बोलल्या जातात. त्यांच्याच नात्यातील एक भाषा एल्ब नदीच्या काठी बोलली जाई. जर्मन लोक या लोकांना 'वेंड' म्हणत. म्हणून या प्रदेशाचे नाव वेंडलांड पडले. अभ्यासक त्यांच्या भाषेला 'पोलाबियन' म्हणतात. स्लाव भाषांत एल्ब नदीला 'लाबे' असे नाव आहे. लाबेच्या काठची भाषा, ती पोलाबियन. साटेमीन, डोल्गो, ग्युस्ट्रित्स ही या भागातील गावांची नावे याच भाषेतून आली आहेत. नावाच्या शेवटी 'ईन', 'ओ' किंवा 'इत्स' आला, की ते गाव मुळात स्लाव लोकांचे असावे असा अंदाज करतात. जर्मनीची राजधानी बर्लिन हिचे नावदेखील असेच स्लाव भाषेतून आले आहे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते.

आता घरांकडे वळू. या गावांची खरी श्रीमंती म्हणजे त्यांची घरे.

वेंडलांडमधील जुने घर फार मोठे असते. ते एखाद्या गोदामासारखे लांबलचक दिसते. कारण त्या एकाच छपराखाली सारे काही असे: माणसे, गुरे, घोडे, धान्य, चारा आणि चूलही. घराच्या दर्शनी भिंतीत, मधोमध एक प्रचंड दरवाजा असतो. धान्याने भरलेली गाडी घोड्यांसकट सरळ आत येऊ शकेल, एवढा तो उंच व रुंद असतो. दरवाजातून आत गेले, की एक मोठे दालन लागते. त्याची जमीन माती चोपून केलेली असे. दालनाच्या दोन्ही बाजूंना गोठे असत. गाई आणि घोडे दालनाकडे तोंड करून बांधलेले असत, म्हणजे त्यांना मधूनच चारा घालता येई. गाडीवरचे धान्य वर माळ्यावर चढवीत. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडे, तेव्हा तेच धान्य खाली काढून दालनातच काठ्यांनी झोडपून मळणी करीत. लग्नाचे जेवण आणि नाच याच दालनात होई. घरातील कोणी मरण पावले, तर शवपेटीही येथेच ठेवीत.

दालनाच्या दुसऱ्या टोकाला चूल असे. तिच्या मागे कुटुंबाच्या राहण्याच्या खोल्या. चुलीला धुराडे नसे! धूर दालनात पसरे, वर माळ्यावर चढे आणि गवताच्या छपरातून हळूहळू बाहेर पडे. घरातील माणसांचे डोळे चुरचुरत असतील, यात शंका नाही. पण या धुराचा उपयोगही होता. वर टांगलेले मांस धुराने टिकून राही. धान्य कोरडे राही. लाकडाला कीड लागत नसे. शेकडो वर्षांच्या धुराने काळ्या झालेल्या तुळया अजूनही काही घरांत पाहायला मिळतात.

युस्टुस मोझर नावाचा एक जर्मन लेखक अठराव्या शतकात होऊन गेला. उत्तर जर्मनीतील अशा घरांची त्याने फार स्तुती केली आहे. घरातील बाई चुलीपाशी बसल्या बसल्या मुलांवर, नोकरांवर, गुरांवर आणि साऱ्या दारांवर नजर ठेवू शकते, हे त्याला विशेष वाटले. चुलीपाशी बसणाऱ्या बाईला धुराबद्दल काय वाटे, हे तिलाच विचारायला हवे होते.

एवढे मोठे घर उभे राही कशावर? लाकडाच्या सांगाड्यावर. या घरांच्या भिंती छपराचा भार घेत नाहीत. सारा भार ओक लाकडाच्या जाड खांबांवर असतो. ओकचे लाकूड अतिशय टणक आणि टिकाऊ असते. जुन्या पद्धतीच्या घरात आतल्या बाजूला खांबांच्या दोन रांगा असत. छपराचा बहुतेक भार त्या पेलत. बाहेरच्या भिंती बुटक्या असत. छप्पर त्यांच्यावरून खाली जमिनीकडे उतरत येई. नंतर सुतारांनी खांबांच्या चार रांगा करायला सुरुवात केली. दोन रांगा आत आणि दोन बाहेरच्या भिंतींत. त्यामुळे बाहेरच्या भिंती उंच झाल्या, गोठ्यांच्या वर खोल्या काढता आल्या आणि माळ्यावर जास्त धान्य मावू लागले. घर बाहेरूनही अधिक भव्य दिसू लागले.

सुताराचे काम पाहण्यासारखे असे. तो सर्व खांब, तुळया आणि तिरपे आधार आधी जमिनीवर मांडून जुळवून पाही. एका लाकडाच्या टोकाला कुसू करायचे, दुसऱ्यात तेवढेच भोक पाडायचे आणि दोन्ही जोडून आरपार लाकडी खुंटी ठोकायची, अशी ही पद्धत होती. लोखंडी खिळ्यांची गरज पडत नसे. कोणते लाकूड कोठे बसते हे कळावे, म्हणून तो प्रत्येकावर छिन्नीने खुणेचे आकडे कोरी. मग सारे गाव मदतीला येई आणि सांगाडा उभा राही. लाकडांच्या मधल्या रिकाम्या चौकटी काठ्या विणून आणि त्यांवर गवत मिसळलेला चिखल लिंपून भरत. आपल्याकडील कुडाची भिंत तुम्ही पाहिली असेल, तर हे काम तुमच्या लगेच लक्षात येईल. पुढे चिखलाऐवजी विटा भरू लागले. असा सांगाडा खुंट्या काढून सुटा करता येतो आणि दुसऱ्या जागी नेऊन पुन्हा उभारता येतो. खुणेचे आकडे असल्यामुळे दोनशे वर्षांनंतरही चूक होत नाही!

घराच्या दर्शनी भिंतीवर मालकाचा सारा जीव. बाजूच्या भिंती साध्या असत. पण मैदानाकडे तोंड असलेली भिंत उभ्या-आडव्या लाकडांच्या अनेक चौकटींनी सजवलेली असे. कारण उघड आहे. सगळी घरे एकमेकांसमोर होती. शेजाऱ्याच्या भिंतीत जास्त चौकटी दिसल्या, की आपल्याही भिंतीत हव्यात असे वाटणारच. छपराच्या अगदी टोकावर लाकडाचा एक कोरीव दांडा उभा केलेला असतो. उत्तर जर्मनीत इतर ठिकाणी या जागी घोड्याची दोन तोंडे दिसतात. पण वेंडलांडमध्ये हा दांडाच दिसतो.

मोठ्या दरवाजावरच्या आडव्या तुळईवर काही ओळी कोरलेल्या असतात. घर बांधणाऱ्या नवऱ्याचे नाव, बायकोचे नाव (तेही माहेरच्या आडनावासह), घर उभे राहिले ते साल आणि बहुधा देवाची प्रार्थना. कधी सुताराचेही नाव असते. दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या साध्या शेतकरी स्त्रीचे नाव आपल्याला कोठे वाचायला मिळते? येथे ते रस्त्यावरून जाता जाता वाचता येते.

साटेमीनमधील अशा तुळया वाचू लागलो, की एक गोष्ट ध्यानात येते. १८५० हे साल पुन्हा पुन्हा दिसते. सारे गाव एकाच वर्षी घरे बांधायला कसे निघाले? उत्तर दुःखाचे आहे. १८५० साली साटेमीनला मोठी आग लागली आणि जवळजवळ सगळी घरे जळून गेली. गोल गावाची रचना अशा वेळी फार घातक ठरते. घरे दाटीने उभी, छपरे वाळलेल्या गवताची, माळ्यावर धान्य आणि चारा. एका घराने पेट घेतला, की वारा ठिणग्या पुढच्या छपरावर टाकतो. या भागातील अनेक गावे अशीच जळाली. काही गावांनी नंतर गोल आकार सोडून दिला आणि घरे रस्त्याच्या कडेने दूर दूर बांधली. साटेमीनच्या लोकांनी मात्र जुन्याच वर्तुळात पुन्हा घरे उभारली. म्हणूनच आज तेथील घरे एका वयाच्या भावंडांसारखी दिसतात. गावाचे चर्च वर्तुळाच्या बाहेर आहे. या भागात पुष्कळ ठिकाणी तसेच आहे.

एवढी मोठी घरे बांधायला शेतकऱ्यांकडे पैसा कोठून आला? केवळ शेतीतून नव्हे. वेंडलांडमध्ये जवसाचे पीक घेत. जवसाच्या झाडाच्या दांड्यापासून धागा निघतो. त्याच्या कापडाला लिनन म्हणतात. हिवाळ्यात घरोघरी चरखे आणि माग चालत. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला येथील लिनन दूरवर विकले जाई. पुढे गिरण्यांतील स्वस्त सुती कापड बाजारात आले आणि हा धंदा बसला. नवीन घरे बांधायला पैसे उरले नाहीत. म्हणून जुनी राहिली.

घरे राहिली, पण त्या घरांत बोलली जाणारी भाषा राहिली नाही.

सतराव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्तियान हेनिग नावाचे एक धर्मगुरू वुस्ट्रो या गावात काम करीत होते. ते स्वतः जर्मन होते. आजूबाजूच्या खेड्यांत म्हातारी माणसे एक वेगळीच भाषा बोलतात, हे त्यांना ठाऊक होते. ती लवकरच नाहीशी होईल, म्हणून तिचे शब्द लिहून ठेवावेत असे त्यांनी ठरवले. पण लोक बोलेनात. तरुण मंडळी या भाषेची थट्टा करीत. त्यामुळे म्हातारी माणसे चारचौघांत ती येत असल्याचे कबूल करायलाही लाजत. हेनिग यांनी तरी चिकाटीने शब्द जमवले. १६९१ साली त्यांच्या घराला आग लागली आणि सारे कागद जळाले.

अनेक वर्षांनी त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी क्लेनो गावातील योहान यानीश्गे नावाचा एक शेतकरी त्यांच्या मदतीला आला. त्याला लिहिता-वाचता येत होते आणि जुनी भाषाही येत होती. हेनिग जर्मन शब्द सांगत आणि यानीश्गे वेंड शब्द सांगे. असा एक मोठा शब्दकोश तयार झाला. १७१९ साली हेनिग वारले. त्यांचा शब्दकोश पुष्कळ वर्षे हस्तलिखितातच राहिला. पण लोकांनी त्याच्या नकला केल्या, म्हणून तो वाचला.

त्याच काळात झ्यूटेन नावाच्या छोट्या खेड्यात योहान पारुम शुल्त्से हा शेतकरी राहत होता. तो खानावळही चालवीत असे. त्याचा जन्म १६७७ सालचा. शाळेत फार शिकलेला नव्हता. पण त्याला लिहिण्याची आवड होती. गावात काय घडले, पीक कसे आले, भाव काय होते, हे सारे तो लिहून ठेवी. १७२५ च्या सुमारास त्याने आपल्या भाषेविषयी लिहिले. आपल्या आजोबांच्या काळी ही भाषा सर्रास चाले. आता ती आपल्याला आणि गावातल्या आणखी तीन माणसांना येते. आपल्या धाकट्या भावाला ती येत नाही. आपण चौघे गेलो, की या गावात कुत्र्याला वेंड भाषेत काय म्हणतात, हे सांगणाराही कोणी उरणार नाही, असे त्याने नमूद केले आहे. हे सारे त्याने जर्मन भाषेत लिहिले. वेंड भाषेत लिहिले असते, तर वाचले कोणी असते? तरी आपल्या वहीत त्याने वेंड शब्दांची एक यादीही जोडून ठेवली.

शुल्त्से १७४० साली वारला. डोल्गो गावातील एमेरेंट्स शुल्त्से ही म्हातारी १७५६ साली वारली. ही भाषा चांगली बोलू शकणारी ती शेवटची व्यक्ती होती असे मानतात. शुल्त्सेची भीती खरी ठरली. पण पूर्णपणे नाही. वेंड भाषेत कुत्र्याला काय म्हणत, हे आजही ग्रंथालयात पाहता येते. गुरुवारला ते 'पेरेनदान' म्हणत, हेही कळते. पेरून हा प्राचीन स्लाव लोकांचा मेघगर्जनेचा देव. गुरुवारच्या जर्मन नावातही गर्जनाच आहे. वेंड लोक ख्रिस्ती होऊन शेकडो वर्षे झाली होती, तरी जुन्या देवाचे नाव आठवड्यातील एका वारात टिकून होते. तुमच्यापैकी अनेकजण घरी उर्दू बोलतात आणि मराठी शाळेत शिकतात. दोन भाषा एका घरात नांदू शकतात, हे तुम्हांला सांगायला नको. वेंडलांडमध्ये तसे घडले नाही. जर्मनीच्या पूर्वेकडील लुसाटिया प्रदेशात मात्र सॉर्ब लोकांची स्लाव भाषा अजून जिवंत आहे.

विसाव्या शतकात घरांवरही तशीच पाळी येते की काय, असे वाटू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन देश झाले. वेंडलांड पश्चिम जर्मनीत राहिला. पण त्याच्या तीन बाजूंना पूर्व जर्मनीची बंद सरहद्द आली. पुढे रस्ता नाही, रेल्वे नाही, कारखाना यायला तयार नाही. तरुण मुले शहरांकडे गेली. यंत्राने मळणी होऊ लागल्यावर मोठे दालन रिकामे पडले. ट्रॅक्टर आला, घोडे गेले. छप्पर दुरुस्त करायला खर्च फार. काहींनी जुने दरवाजे विटांनी बुजवले, काहींनी घरे पाडली. १९६९ साली काही मंडळींनी एकत्र येऊन या गोल गावांच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. पुढे १९७७ साली याच प्रदेशातील गोर्लेबेन येथे अणुभट्ट्यांतील घातक कचरा पुरण्याची योजना जाहीर झाली. तेव्हा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले. शहरांतूनही हजारो लोक त्यांच्या बाजूने आले. हा विरोध चाळीस वर्षांहून अधिक काळ चालला आणि २०२० साली गोर्लेबेनचे नाव त्या यादीतून वगळण्यात आले. शहरांतून आलेल्यांपैकी काही जण येथेच राहिले. त्यांनी रिकामी घरे विकत घेतली. गोठ्यांत कुंभारांची, सुतारांची, चित्रकारांची कामे सुरू झाली. १९८९ साली सरहद्द उघडली, तेव्हा येथे थोडेबहुत पर्यटकही येऊ लागले.

गोल गावांचे रक्षण करणाऱ्या त्या संस्थेला २०१५ साली युरोपातील सांस्कृतिक वारशाचा एक मानाचा पुरस्कार मिळाला. वेंडलांडमधील निवडक गोल गावांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळावी, असाही प्रयत्न झाला.

ल्यूबेल्न नावाच्या गोल गावात या घरांचे एक संग्रहालय आहे. इतर गावांत पडझड होऊ लागलेल्या काही इमारती सुट्या करून तेथे आणल्या आणि पुन्हा उभारल्या. मोठ्या दालनात उभे राहून चूल, गोठे, माग आणि वरच्या काळ्या तुळया पाहता येतात. साटेमीनमध्ये असे तिकीट नाही. तेथे लोक अजून राहतात. कोठे मोठ्या दरवाजाच्या जागी काच बसवली आहे, कोठे मैदानावर मुले खेळत असतात. दरवाजावरची तुळई मात्र सहसा कोणी हलवत नाही. नव्या मालकाचा त्या जुन्या कुटुंबाशी काही संबंध नसतो; तरी अक्षरे पुसट झाली, की तो ती पुन्हा रंगवून घेतो.